व्हिसा लागत नाही, तरी परवानगी लागते: अमेरिकेत विमान बदलून कॅनडाला जाताना

तुमचा पासपोर्ट व्हिसामाफीच्या यादीतला आहे, कॅनडाला दोन-तीन आठवडे जायचंय, वाटेत अमेरिकेत विमान बदलायचंय. दोन्ही देशांच्या जुन्या परवानग्यांची मुदत शिल्लक आहे, पण मधे पासपोर्ट नवा झालाय. त्या परवानग्या चालतील का, हा तुमचा प्रश्न.

नाही चालणार. दोन्ही नव्याने काढा. अमेरिकेचं ईस्टा (व्हिसाऐवजी ऑनलाइन काढायची परवानगी) दोन वर्षांचं आणि कॅनडाचं तसंच ईटीए पाच वर्षांचं असतं, पण दोन्ही पासपोर्ट नंबरला जोडलेली असतात. पासपोर्ट बदलला की उरलेली मुदत फुकट. चेक-इनला एअरलाइन नवाच नंबर तपासते. परवानगी दिसली नाही तर बोर्डिंग पास मिळत नाही, मग जुनी प्रिंट दाखवून उपयोग नाही.

‘फक्त विमान बदलतोय, अमेरिकेत राहत नाही’ हा युक्तिवाद तिथे चालत नाही. अमेरिकी विमानतळांवर इमिग्रेशन टाळून पुढचं विमान पकडायची सोयच नाही. दोन तासांचा थांबा असला तरी रांगेत उभं राहायचं आणि त्यासाठी ईस्टा हवंच. ब्रिटनचं वेगळं आहे: हीथ्रोला इमिग्रेशन न ओलांडता विमान बदललं तर त्यांचं ईटीए लागत नाही. म्हणून एका देशाचा अनुभव दुसऱ्याला लावू नका.

अजून एक गोष्ट, जी बऱ्याच जणांना ठाऊक नसते. १२ जानेवारी २०२१ नंतर क्यूबाला, किंवा १ मार्च २०११ नंतर इराण, इराक, सीरियासारख्या देशांत जाऊन आला असाल, तर साधारणपणे ईस्टा मिळत नाही, रीतसर व्हिसा काढावा लागतो. तो काढायला वेळ लागतो, त्यामुळे तिकिटाआधी हे बघा. तुमचं तसं काही नसेल तर अर्ज सोपा आहे.

फीबद्दल: कॅनडा ७ कॅनेडियन डॉलर घेतो. ईस्टाची फी सप्टेंबर २०२५ अखेर २१ वरून ४० अमेरिकन डॉलर झाली. कोणी याच्या दुप्पट-तिप्पट मागत असेल तर तुम्ही मधल्या दलालाच्या साइटवर आहात. सर्चमध्ये सगळ्यात वर जाहिराती येतात, त्या दिसायला अगदी सरकारी असतात. अर्ज मुलांचाही वेगळा भरायचा. पासपोर्ट नंबर टाकताना इंग्रजी ‘ओ’ आणि शून्य यांत गफलत करू नका. परवानगी मंजूर होते, पण भलत्याच नंबरवर.

परवानगी मिळाली म्हणजे प्रवेश मिळाला असं नाही, तो निर्णय तिथला अधिकारी घेतो. परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता हाताशी ठेवा. आणि हो, मुक्काम लांबवायचा विचार असेल तर जपून: जाताना अमेरिकेत शिक्का बसला की व्हिसाशिवाय राहता येणाऱ्या ९० दिवसांची मोजणी सुरू होते आणि कॅनडात काढलेले दिवसही साधारणपणे त्यातच धरतात. दोन-तीन आठवड्यांना अडचण नाही, चार महिन्यांना येऊ शकते.

ईस्टासाठी निदान ७२ तास आधी अर्ज करा असं अमेरिकी अधिकारी सांगतात. मी तर म्हणेन, आजच करा. अर्जाला तिकीट लागत नाही.