वाचकांचे प्रश्न : लहान कॉलेजातले सिव्हिल

प्रश्न : मी मूळचा नांदेड जिल्ह्यातला असून पुण्यात पेठांलगतच्या एका लहान, विनाअनुदानित महाविद्यालयात स्थापत्य अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. एक चार मजली इमारत हेच आमचे सारे कॉलेज. मैदान नसल्यामुळे सर्व्हेचे प्रॅक्टिकल गच्चीवर होते, असे वरच्या वर्गातली मुले सांगतात. आमच्या शाखेत यंदा जेमतेम वीस-बावीस जण आहेत. दुसऱ्या वर्षी कॉम्प्युटरला जावे, निदान कॉलेज तरी बदलावे, असे वडिलांचे म्हणणे आहे. मला विषय आवडतो. पण एवढ्या लहान ठिकाणी शिकून पुढे कोणी विचारील का, अशी धास्ती वाटते.
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : वडिलांच्या सूचनेत दोन प्रश्न एकत्र आले आहेत. शाखेविषयी माझे मत स्पष्ट आहे : विषय आवडत असताना केवळ वर्गातली बाके रिकामी दिसतात म्हणून तो सोडू नये. कॉलेज बदलण्याचा विचार करायला हरकत नाही; मात्र असा बदल दुसरीकडे जागा रिकामी असेल तरच होतो, आणि नाव मोठे पण प्रयोगशाळेला कुलूप अशा ठिकाणी जाऊन काही साधत नाही. तेव्हा आधी आपलेच कॉलेज नीट पारखून घ्यावे.

पारखताना इमारतीपेक्षा काँक्रीटची प्रयोगशाळा पाहावी. काँक्रीट दाबून त्याची ताकद मोजणारे कॉम्प्रेशन टेस्टिंग मशीन चालू आहे का, तिचे कॅलिब्रेशन (अचूकतेची तपासणी) शेवटचे कधी झाले, आणि क्यूब, म्हणजे चाचणीसाठीचे काँक्रीटचे ठोकळे, मुले स्वतः भरतात की प्रयोगशाळा सहायक आधीच भरून ठेवतो, हे तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारावे. १५० मिलिमीटरच्या क्यूबने २० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकद दाखवायची, तर त्याने ४५० किलोन्यूटन भार पेलायला हवा, हे कागदावर एका ओळीचे गणित आहे. परंतु खडी, वाळू आणि सिमेंट स्वतः तोलून भरलेला, २८ दिवस पाण्यात ठेवलेला क्यूब जेव्हा ३८० वरच फुटतो, तेव्हा पाणी जास्त पडले, ठोकणी अपुरी झाली की वाळू ओली होती, याचा शोध घ्यावा लागतो आणि खरे शिक्षण तिथून सुरू होते. मोठ्या वर्गात एका बॅचला बरीच मुले असली, की दोघेतिघे यंत्राला हात लावतात आणि बाकीचे फोटो काढतात. तुमच्याकडे प्रत्येकाची पाळी येईल, हा लहान वर्गाचा मोठाच लाभ आहे; अर्थात मागच्या वर्षीच्या जर्नलमधून रीडिंग उतरवायचे नाही, असे ठरवले तर. (ही उतरवण्याची परंपरा नामवंत कॉलेजांतही तितकीच जोमात आहे, त्यामुळे त्याबाबत न्यूनगंड बाळगण्याचे कारण नाही.)

मैदानाची उणीव शहर भरून काढू शकते. सरांना गळ घालून, रीतसर परवानगी काढून एखाद्या रविवारी सकाळी ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजणारी दुर्बीण) घेऊन पर्वतीच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत उंची मोजत न्यावी आणि परत खाली सुरुवातीच्याच बिंदूवर आणून बंद करावी. साध्या लेव्हलिंगला एका किलोमीटरमागे २४ मिलिमीटरपर्यंतची चूक चालते, आणि अंतर वाढले की ती त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. तुमची चूक त्यात बसते का ते पाहावे. उभ्या चढावर दर थोड्या पावलांनी यंत्र हलवावे लागते, स्टाफ (आकडे लिहिलेली मोजपट्टी) तिरका धरला की आकडे बिघडतात. सपाट गच्चीवर यातले काहीच कळत नाही.

खडकवासल्याला १९१६ साली स्थापन झालेले केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. तिथे नद्या, धरणे आणि बंदरे यांची प्रतिकृती बांधून पाण्याचे वागणे तपासले जाते. कॉलेजचे पत्र घेऊन भेटीची परवानगी मागावी. जलशास्त्र शिकताना १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर अभ्यासावा, कारण ते पाणी तुमच्या कॉलेजच्या आसपासच्याच पेठांत शिरले होते. मुठेच्या पात्राखालून मेट्रोचा बोगदा गेला आहे, तोही इथल्याच बेसॉल्टमधून.

आता उणी बाजू. मोठ्या बांधकाम कंपन्या लहान कॉलेजात सहसा येत नाहीत. आल्याच तर सॉफ्टवेअरवाल्या येतात आणि सिव्हिलची मुलेही घेऊन जातात. म्हणून ओळख साइटवरच करावी लागेल. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळी सुट्टीत जवळच्या एखाद्या कंत्राटदाराकडे, स्टायपेंडचा हट्ट न धरता, महिनाभर उभे राहावे. स्लॅब भरण्याच्या आदल्या दिवशी फिटरबरोबर सळया मोजाव्यात, बार बेंडिंग शेड्यूलशी (सळयांच्या मापांच्या तक्त्याशी) ताडून पाहाव्यात, सळया साच्यापासून अंतरावर ठेवणारे कव्हर ब्लॉक जागेवर आहेत का ते बघावे. काँक्रीटच्या बांधकामाचे आयएस ४५६ हे मानक भारतीय मानक ब्युरोच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येते, ते सोबत ठेवावे. तीस घनमीटरच्या स्लॅबला तीन नमुने आणि प्रत्येक नमुन्याचे तीन क्यूब, असे त्यात लिहिले आहे. साइटवर प्रत्यक्षात किती भरले जातात, हे मुकादमाला न दुखावता पाहून घ्यावे. मुलाखतीत अशा कामाविषयी दहा मिनिटे नेमके बोलू शकणाऱ्या उमेदवाराला कॉलेजचे नाव आड येत नाही, असा माझा अनुभव आहे.

वडिलांना पुढच्या खेपेस कॉलेज दाखवायला न्यावे, आणि प्रयोगशाळेतून सुरुवात करावी.

प्रश्न : तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन मी थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला. ड्रॉइंग आणि सर्व्हे सोपे वाटतात, पण गणित फार जड जाते. वर्गातल्या मैत्रिणी आतापासूनच गेटच्या (एम.टेक.च्या प्रवेशासाठीच्या परीक्षेच्या) क्लासला जातात. मीही जावे का?
— एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : इतक्यात नाही. गेट तिसऱ्या वर्षापासून देता येते आणि तिचा स्कोअर तीन वर्षे ग्राह्य असतो, म्हणजे हाताशी वेळ आहे. स्थापत्यच्या शंभर गुणांच्या पेपरात सुमारे १३ गुण गणिताचे असतात, १५ सामान्य कलचाचणीचे, आणि उरलेले तुमच्याच विषयांचे. गणिताचा पाया कच्चा ठेवून क्लास लावला, तर स्ट्रक्चर आणि फ्लुइडमध्येही अडायला होते. बारावीनंतर आलेल्या एखाद्या मैत्रिणीशी सौदा करावा : तिने तुम्हाला डिफरन्शियल इक्वेशन शिकवावी, तुम्ही तिला लेव्हल लावायला. त्या जोडीला एनपीटीईएल या शैक्षणिक संकेतस्थळावरची गणिताची व्याख्याने फुकट पाहता येतात. या सत्राचे गणित एटीकेटी न लागता सुटले, की गेटच्या मागील काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका घरी घड्याळ लावून सोडवाव्यात आणि क्लासची फी भरायची की नाही, हे त्यानंतर ठरवावे.