कुत्र्याच्या कोरड्या, खाजऱ्या कातडीला माणसांचं क्रीम लावलं तर चालतं का?

तुम्ही लिहिलंय की तुमचा अडीच वर्षांचा गावठी कुत्रा थंडी पडल्यापासून सारखा खाजवतोय, पाठीवर कोंडा दिसतोय आणि घरात अंगाला लावायची दोन-तीन क्रीमं पडून आहेत, त्यातलं एखादं लावू का. खानापूरच्या बाजूचे आहात असंही लिहिलंय, म्हणजे आमच्याच हवेतले.

लावू नका. निदान ट्यूब कसली आहे आणि खाज कशाची आहे, हे कळेपर्यंत तरी नको. हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही, मी स्वतः लावून बसलोय.

मी बेळगावातल्या अनगोळचा. आमची भिंगरी गावठीच, पावसात रिक्षाखाली सापडलेली. तीन वर्षांपूर्वी गणपती झाले आणि ती कान आणि पुढच्या पायांची कोपरं खाजवायला लागली. त्याच दिवसांत माझ्या मांडीला नायटा झाला होता आणि मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली एक ट्यूब घरात होती. स्टिरॉइड, बुरशीवरचं औषध आणि अँटिबायोटिक, तिन्ही एकत्र. मला दोन दिवसांत गार वाटलं होतं. म्हटलं, कातडी ती कातडी.

चौथ्या दिवशी तिची खाज निम्मी झाली. मी घरात भाव खाऊन घेतला. आठवड्यानंतर मात्र ती बादलीत तोंड घालून पाणी प्यायला लागली, आणि कधी नव्हे ते रात्री सोप्यात मुतायला लागली. पंधरवड्यात खाज दुप्पट होऊन परत आली. कानाच्या कडांवर राखाडी खपल्या, कोपरांवरचे केस साफ गेलेले. त्यात बायकोच्या हातावर आणि पोटावर बारीक लाल पुरळ उठलं. आई म्हणाली, "गाडीचं जळकं ऑइल फास की, आमच्या गावात तेच करायचे." ते केलं नाही, तेवढी अक्कल शिल्लक होती. ऑइल कातडी भाजतं आणि चाटलं की पोटात विष जातं.

मग पशुवैद्यकीय दवाखाना. डॉक्टर कन्नड बोलणारे, माझं कन्नड दुकानापुरतं. पहिला प्रश्न, "एन हच्चीरी?" म्हणजे काय लावलंत. मी ट्यूब दाखवली. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "मुलामु ब्याड्री." मलमाला कन्नडात मुलामु म्हणतात, तेवढं बिनभाषांतराचं कळलं. मग त्यांनी भिंगरीच्या कानाची कड चिमटीत धरून चोळली. तिचा मागचा पाय आपोआप हवेत खाजवायला लागला, जणू कुणी कळ दाबली. ही लुतीची, म्हणजे कातडीतल्या बारीक किड्यामुळे होणाऱ्या खरजेची खूण. ब्लेडला तेलाचा थेंब लावून, रक्ताचा ठिपका दिसेपर्यंत कातडी खरवडली आणि काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली. किडा दिसला नाही. तरी डॉक्टर हटले नाहीत. हा किडा कातडीत बीळ करून राहतो, खरवडलेल्यात बरेचदा सापडतच नाही. कान, कोपरं आणि बायकोच्या हातावरचं पुरळ एवढं त्यांना पुरलं. वजन करून गोळी दिली. घरातल्यांचं पुरळ पुढे काही आठवड्यांत आपसूक गेलं, कारण कुत्र्याच्या लुतीचा किडा माणसाच्या अंगावर वंश वाढवू शकत नाही.

माझ्या ट्यूबेनं काय केलं होतं? स्टिरॉइडनं खाज दाबली आणि त्याबरोबर कातडीची लढायची ताकदही दाबली. आत किड्यांचं चांगलं फावलं. आणि जे ती चाटत होती ते पोटात जात होतं. तहान आणि मूत वाढलं ते त्यामुळे.

हाच खरा मुद्दा आहे. आपण कुत्र्याच्या कातडीला लावतो ते दहा मिनिटांत त्याच्या पोटात असतं. त्यामुळे "हे लावू का" असं न विचारता "हे खाऊ घालू का" असं विचारून बघा, निम्मी उत्तरं घरीच मिळतील. शिवाय त्याची कातडी आपल्यासारखी नाहीच. आपल्या वरच्या कातडीत पेशींचे 10 ते 15 थर, त्याच्या 3 ते 5. आपली आम्लाकडे झुकलेली, पीएच 5.5 च्या आसपास. त्याची 7 च्या जवळ. म्हणून आपला साबण आणि शांपूसुद्धा त्याला कोरडं करतात. दर रविवारी आपल्या साबणानं घासत असाल तर कोंड्याचं एक कारण तिथेच सापडेल.

आता तुमच्या घरातल्या ट्यूबा. तुम्ही नावं दिली नाहीत, म्हणून मागच्या बाजूला बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. कॅल्सिपोट्रिऑल असेल, म्हणजे सोरायसिसचं मलम, तर ते कपाटात वर ठेवा. थोडं चाटलं तरी रक्तातलं कॅल्शियम चढतं, मूत्रपिंडं जातात, कुत्रा मरू शकतो. फ्लुरोयुरॅसिल, म्हणजे कातडीच्या कर्करोगावरचं मलम असेल तर तेही तसंच, झटके येतात. बाळाच्या लंगोटाच्या पुरळाला लावतात त्यात झिंक ऑक्साइड असतं. एकदा चाटलं तर उलटी होऊन सुटेल, पण रोज चाटत राहिला तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. सॅलिसिलिक ॲसिड, कापराचा बाम, टी ट्री ऑइल, हे सगळं नको.

सांधेदुखीच्या जेलचं वेगळं सांगतो, कारण तिथे कुत्र्याला कुणी काही लावतच नाही. आमच्या आईच्या गुडघ्याला रात्री डायक्लोफेनॅकचं जेल लागतं, आणि भिंगरीला तिचे गुडघे चाटायची भारी हौस. डायक्लोफेनॅकनं कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडं बिघडतात. आता आई जेल लावून पातळाचा काठ खाली ओढून बसते आणि भिंगरीला सोप्याबाहेर ठेवतो.

माणसाच्या खरजेचं पर्मेथ्रिन क्रीम कुत्र्याला एकवेळ सोसतं, मांजराला अजिबात नाही. घरात दोन्ही असतील तर सांभाळा. आणि गुरांचं आयव्हरमेक्टिन, म्हणजे किडे-जंतांवरचं इंजेक्शन, कुणी टोचून देतो म्हणाला तर नको म्हणा. कॉलीसारख्या मेंढरं राखणाऱ्या काही जातींना ते मेंदूत चढतं, आणि गावठी कुत्र्यात कुणाचं रक्त आहे ते आपल्याला कुठे ठाऊक.

घरच्या घरी काय करता येईल? खोबरेल तेल, अगदी बोटाच्या टोकावर येईल तेवढं, कोरड्या चट्ट्यावर चालतं. वाटीभर लावाल तर चाटून हगवण लागेल. साधे ओट्स मिक्सरला बारीक करून कोमट पाण्यात कालवायचे, त्या पाण्यात कुत्र्याला दहा मिनिटं ठेवायचं, मग धुऊन टॉवेलनं खरंच कोरडं करायचं. खाज थोडी बसते. कोरफड परसात असली तरी पान कापून चोळू नका, सालीखालचा पिवळा चीक चाटला की पोट सुटतं. भरपूर पावसाच्या आपल्या भागात बोटांच्या बेचक्यात आणि कानात ओल राहिली की बुरशी धरते, तेव्हा पुढच्या जूनपासून पाय पुसायची सवय लावा.

तुमच्या कुत्र्यासाठी आज एक करून बघा. शेपटीच्या मुळाशी केस उलटे करा, काळी मिऱ्याच्या भुकटीसारखी कणी दिसते का बघा. दिसली तर ओल्या पांढऱ्या फडक्यावर झटका. फडक्यावर तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. मग क्रीमचा प्रश्नच मिटला. अंगावर दिसतात त्या पिसवा थोड्याच, बाकीचा वंश अंडी, अळ्या, कोष होऊन अंथरुणात आणि फरशीच्या फटीत असतो. गोण्या, पोती उकळत्या पाण्यानं धुवा, उन्हात टाका, आणि कुत्र्याला डॉक्टरांनी वजनावर दिलेली गोळी.

काळं काही नाही, खाज कान-कोपरांवर नाही, नुसता पाठीवर कोंडा आणि बाकी कुत्रा मजेत, तर थंडी आणि साबण या दोघांवर संशय घ्या. दोन आठवडे साबण बंद करून बघा. केस गळत असतील, वास येत असेल, लालसर ओलं दिसत असेल किंवा घरात कुणाला पुरळ उठलं असेल तर मात्र थांबू नका. दवाखान्यात नेताना आंघोळ घालून चकाचक करून नेऊ नका, डॉक्टरांना जे बघायचंय तेच धुऊन जातं. आणि आजवर जी काही ट्यूब लावली असेल ती खिशात घालून न्या. पहिला प्रश्न तोच असतो.