जुनी स्टीलची बोट घेतेयस ना, मग आधी फळ्या उचल

हाय,

मेसेज मिळाला, फोटोही बघितले. बोट देखणी आहे, वादच नाही. पण सगळे फोटो डेकचे, गाद्यांचे आणि त्या निळ्या पडद्यांचे आहेत, बिल्जचा, म्हणजे फळ्यांखालच्या तळाच्या पोकळीचा, एकही नाही, आणि मला नेमका तोच बघायचा होता.

स्टीलची बोट आतून सडते गं. बाहेरचा गंज डोळ्याला दिसतो, माणूस घासतो, प्रायमर मारतो, विषय संपला. आतलं पाणी मात्र खिडकीच्या गळक्या रबरातून येतं, शॉवरमधून येतं, नेदरलँड्सच्या थंडीत तर नुसत्या श्वासाची वाफसुद्धा पत्र्यावर जमून खाली ओघळते, आणि फ्रेमला, म्हणजे पत्र्याच्या आतल्या आडव्या फासळ्यांना, पाणी जायला ठेवलेली छोटी भोकं केस, भुसा, जुना रंग यांनी बुजलेली असली की ते तिथंच वर्षानुवर्षं साचून राहतं. म्हणून जाताना टॉर्च, छोटा आरसा आणि जुना स्क्रू ड्रायव्हर घेऊन जा. फळ्या उचल, टॉयलेटच्या मागे, इंजिनखाली, पाण्याच्या टाकीखाली, नांगराच्या साखळीच्या लॉकरमध्ये हात घाल. जिथे हात पोचत नाही ती जागा वाईटच आहे असं धरून भाव कर. मालक म्हणेल "खाली सगळं ठीक आहे", पण फळी स्क्रूने कायमची बसवलेली असेल तर त्यानेही आत बघितलेलं नाहीये.

गंजाचा बिस्किटासारखा जाड पापुद्रा निघाला तर लगेच घाबरू नकोस, गंज फुगतो, मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो, त्यामुळे जाड पापुद्र्यामागे कधीकधी एक मिलिमीटरही गेलेला नसतो. मला उलट ताज्या चकचकीत रंगाची भीती वाटते. विकायच्या महिनाभर आधी उगाच कोणी बिल्ज रंगवतं का?

मग सर्व्हेअर, म्हणजे बोट तपासून रिपोर्ट देणारा माणूस, आणि तो तुझा, ब्रोकरने सुचवलेला नको. बोट पाण्याबाहेर काढूनच तपासायची. अशा बोटीला तळाचा पत्रा मुळात ४-५ मिलिमीटर, डेकला ३ असा साधारण असतो. अल्ट्रासाउंडच्या मीटरने जाडी मोजतात, पण ते मीटर फक्त टेकवलेल्या ठिकाणचं सांगतं, दोन रीडिंगच्या मधला खड्डा त्याला कळत नाही, म्हणून हातोडीने ठोकणारा जुन्या पद्धतीचा माणूस मिळाला तर सोडू नकोस. चांगला पत्रा खणखणतो, पातळ झालेला बद्द वाजतो. रिपोर्टमधली सरासरी वाचू नकोस, सगळ्यात कमी आकडा कुठे आलाय ते बघ.

जुन्या पत्र्यावर नवीन पत्रा वेल्ड केलेला दिसला तर नीट विचार. दोघांच्या मध्ये ओल अडकते आणि वजनही वाढतं, १ मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पत्रा म्हणजे ७.८५ किलो, म्हणजे ४ मिलिमीटरचा दहा चौरस मीटर लावला की तीनशे किलोच्या वर गेलीस. खराब भाग कापून तिथे नवीन बसवणं हे खरं काम. पण त्यासाठी आतलं फर्निचर काढावं लागतं, थंडीसाठी मारलेला फोम खरवडावा लागतो कारण वेल्डिंगच्या उष्णतेने तो पेटतो आणि धूर विषारी असतो. वेल्डरचं बिल त्यामानाने काहीच नाही, बाकीची मोडतोडच खिसा रिकामा करते.

करंटचं पण बघ. मरीनाची, म्हणजे बोटी लावायच्या धक्क्याची, वीज लावली की अर्थच्या वायरने तू शेजारच्या सगळ्या बोटींशी जोडली जातेस आणि तुझे अ‍ॅनोड, म्हणजे पत्र्याऐवजी स्वतः झिजायला तळाला लावलेले धातूचे ठोकळे, त्यांचं लोखंड वाचवत बसतात. हा करंट अडवणारा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर आहे का विचार. आयसलमेर हे तिथलं सरोवर गोड्या पाण्याचं, तिथे मॅग्नेशियमचे अ‍ॅनोड लागतात, कॉर्नवर्डरझांडच्या लॉकमधून (बोटी पलीकडे सोडायच्या पाण्याच्या दारांतून) खाऱ्या वाडेनझे समुद्रात कायमची जाणार असशील तर झिंकचे. आणि ओल्या बिल्जमध्ये पडलेला तांब्याच्या वायरचा तुकडा आधी उचल, तो खालचा पत्रा आरपार खाऊ शकतो.

एवढी कटकट करून लोक स्टील का घेतात? फ्रेंच खलाशी बर्नार मोआतेसिएची 'जोशुआ' माहितीये ना, १९६२ची स्टीलची केच, म्हणजे दोन डोलकाठ्यांची शिडाची बोट. १९८२ला मेक्सिकोत काबो सान लुकासला वादळात ती किनाऱ्यावर फेकली गेली, आणि तरी दुरुस्त होऊन आज ला रोशेलच्या म्युझियमकडे तरंगतेय. फायबरची असती तर बहुतेक तुकडे गोळा करावे लागले असते. (होकायंत्र मात्र स्टीलवर हट्टी होतं, डेव्हिएशन कार्ड, म्हणजे ते कुठल्या दिशेला किती चुकतं याचा तक्ता, शेवटचं कधी केलंय ते विचारून ठेव.)

कागदांत मूळ व्हॅट भरल्याचा पुरावा हवाच. बोट १९९८च्या आधीची आणि युरोपातलीच असेल तर सीई मार्क (युरोपचे नियम पाळल्याची खूण) नसला तरी चालतं. ऑफर लेखी दे, आणि सर्व्हेमध्ये अमुक रकमेपेक्षा जास्त काम निघालं तर व्यवहार रद्द, डिपॉझिट परत, ही अट त्यात आकड्यासकट लिहून घे. विमा कंपनीलाही आधीच फोन कर, जुन्या स्टीलला त्या बऱ्याचदा जाडीचा रिपोर्ट मागतात.

शनिवारी बघायला जाशील तेव्हा बिल्ज आणि साखळीच्या लॉकरचे फोटो तिथूनच पाठव, मी घरीच आहे. तोवर पैशाचं काही बोलू नकोस.

– काका