श्रीमंत देशांचा पैसा आणि हवामानबदलाचा भार

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आपल्या इंदूर महापालिकेने 2023 मध्ये हरित रोखे विकून जलूदच्या सौरप्रकल्पासाठी पैसा उभा केला. एका शहराला हे जमते, तर गरीब देशांनीही स्वतःचे रोखे काढून हवामानबदलाची तयारी का करू नये? आणि श्रीमंत देशांनी मदत करायचीच, तर ती कोणत्या रूपात?
– एक निवृत्त बँक अधिकारी, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : आपला प्रश्न व्याजदराशी येऊन थांबतो, आणि माझ्या मते या विषयाचे मर्मही तेच आहे. महापालिकेने 244 कोटी रुपयांचे रोखे 8.25 टक्के व्याजाने विकले आणि मागितल्यापेक्षा कितीतरी अधिक रकमेचे अर्ज आले. नर्मदेचे पाणी जलूदहून इंदूरपर्यंत चढवणाऱ्या पंपांचे वीजबिल अवाढव्य असते. 60 मेगावॅटचा प्रकल्प ते बिल कमी करणार आणि त्या बचतीतून व्याज फिटणार, असा सरळ हिशेब होता. कर्ज रुपयांत, उत्पन्न रुपयांत आणि पत चांगली, म्हणून हे साधले.

आता झांबियाकडे पाहा. त्या देशाने डॉलरमध्ये कर्ज घेतले होते आणि 2020 मध्ये तो हप्ते चुकवून बसला. 2024 च्या आरंभी भीषण दुष्काळ पडला, मक्याचे पीक करपले आणि राष्ट्राध्यक्षांना राष्ट्रीय आपत्ती जाहीर करावी लागली. देशाची बहुतांश वीज जलविद्युत असल्याने करिबा जलाशय आटताच शहरे तासन्‌तास अंधारात गेली. ऊन तेथे मुबलक आहे आणि सौरपट्ट्या जगभर स्वस्त झाल्या आहेत. पण ज्याची पत बुडाली आहे त्याला स्वस्त कर्ज कोण देणार? चलन घसरले की डॉलरमधले मुद्दल आपोआप फुगते, ते वेगळेच. अशा ठिकाणी श्रीमंत देशांनी कर्जाला हमी द्यावी, जागतिक बँकेसारख्या संस्थांचे भांडवल वाढवावे, दीर्घ मुदतीचा स्वस्त पैसा पुरवावा. सौरप्रकल्प कमावता असतो, त्यामुळे तेथे कर्ज देण्यात गैर काही नाही.

समुद्राकाठचा बंधारा, वादळात टिकणारी शाळा किंवा खारवट जमिनीत येणारे भाताचे बियाणे यांतून मात्र हप्ता फेडण्यापुरते उत्पन्न कधीच निघत नाही. तेथे अनुदानच हवे, आणि नेमके तेथेच हात आखडतो. 2009 मध्ये कोपनहेगन येथे श्रीमंत देशांनी 2020 पर्यंत वर्षाला 100 अब्ज डॉलर उभे करण्याचे वचन दिले. त्यांच्याच संघटनेच्या म्हणजे ओईसीडीच्या हिशेबानुसार ते प्रथम 2022 मध्ये, दोन वर्षे उशिराने पुरे झाले आणि आकडा 115.9 अब्जांवर गेला. त्यातील सरकारी पैशाचा सुमारे दोन तृतीयांश भाग कर्जाचा होता. अनुकूलनाच्या, म्हणजे बदललेल्या हवामानात तगून राहण्याच्या कामांना एकूण 32.4 अब्ज मिळाले. ऑक्सफॅम या आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेने कर्जाची पूर्ण रक्कम मदत म्हणून न धरता त्यातली खरी सवलत तेवढी मोजली, तेव्हा त्याच वर्षाची मदत 28 ते 35 अब्जांच्या घरात भरली. एकाच वर्षाच्या दोन हिशेबांत एवढी तफावत पडावी, हे बँकेत आयुष्य घालवलेल्या आपल्याला अधिक खटकेल.

मदतीचा तिसरा प्रकार होऊन गेलेल्या नुकसानीचा. 2022 च्या पुरात पाकिस्तानातील 3 कोटी 30 लाख लोकांना झळ पोहोचली आणि एकूण हानी 30 अब्ज डॉलरच्या वर गेली. जगाच्या उत्सर्जनात त्या देशाचा वाटा एक टक्क्याहूनही कमी आहे. पुढे जानेवारी 2023 मध्ये जिनिव्हात नऊ अब्जांहून अधिक रकमेची आश्वासने मिळाली, पण त्यांतला बहुतेक पैसा कर्जाऊ होता. शेजाऱ्याच्या गच्चीचे पाणी आपल्या भिंतीत मुरावे आणि दुरुस्तीसाठी त्यानेच व्याजाने पैसे पुढे करावेत, तसा हा प्रकार आहे. 2022 च्या शर्म अल-शेख हवामान परिषदेत नुकसानभरपाईसाठी स्वतंत्र निधी मान्य झाला, 2023 मध्ये दुबईत तो सुरू झाला, आणि त्या परिषदेत जेमतेम 70 कोटी डॉलरची आश्वासने जमली. अमेरिकेचा त्यातला वाटा पावणेदोन कोटींचा.

त्या मानाने एक छोटी तरतूद मला फार उपयोगाची वाटते. कॅरिबियन समुद्रातील ग्रेनेडाने आपल्या रोख्यांतच असे कलम घालून घेतले होते की मोठे चक्रीवादळ आले तर हप्ते काही काळ पुढे ढकलता येतील. जुलै 2024 मध्ये बेरिल वादळाने त्या देशाची बेटे झोडपल्यावर ते कलम लागू झाले आणि हप्त्यांचा पैसा घरे उभारायला मोकळा झाला. सावकार देशांनी असे कलम प्रत्येक करारात घालावे; त्यांना त्यासाठी नवा पैसाही काढावा लागणार नाही.

प्रश्न : गरीब देशांत पाठवलेला पैसा मधल्यामध्येच जिरतो. मग तो द्यावाच कशाला?
– एक वाचक, राजेंद्र नगर, इंदूर

उत्तर : जिरतो, हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि त्यातला बराचसा सल्लागारांच्या मानधनातही जिरतो. पण बांगलादेशाचे उदाहरण पाहावे. 1970 च्या भोला चक्रीवादळात तेथे किमान तीन लाख माणसे मेली. त्यानंतर सरकार आणि रेड क्रेसेंट यांनी मिळून किनाऱ्यावर स्वयंसेवकांचे जाळे उभारले. इशाऱ्याची पायरी वाढेल तसे गावात एक, दोन, तीन असे बावटे चढतात, स्वयंसेवक हाताने फिरवायचे भोंगे आणि कर्णे घेऊन वाडीवाडीत जातात, म्हाताऱ्यांना आणि गरोदर बायकांना आधी निवाऱ्यात हलवतात. 2007 च्या सिद्र वादळात साडेतीन हजारांच्या आसपास मृत्यू झाले, तर 2020 च्या अम्फानमध्ये तेथील मृतांची संख्या काही डझनांत राहिली. बाहेरचा पैसा निवारे, रडार आणि प्रशिक्षण यांवर खर्च झाला व माणसे गावातलीच होती, म्हणून तो कामी आला. तेव्हा पैसा थांबवण्यापेक्षा तो स्थानिक संस्थांच्या हाती थेट कसा पोहोचेल, हे पाहावे. दक्षिण कोरियातील सोंग्डो येथे असलेल्या हरित हवामान निधीत तशी सोय आहे. आपली नाबार्ड अशीच मान्यताप्राप्त संस्था आहे. पण अर्ज मंजूर होईपर्यंत वर्षे जातात, आणि लहान बेटांच्या सरकारांकडे ते भरायला पुरेशी माणसेही नसतात.

प्रश्न : भारताने या व्यवहारात घेणाऱ्यांत बसावे की देणाऱ्यांत?
– एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : 1992 च्या हवामान करारात पैसा देण्याचे बंधन विकसित देशांवर आहे, आणि तसे ते योग्यच आहे, कारण आजवर साचलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे चतुर्थांश एकट्या अमेरिकेचा आहे, तर संपूर्ण आफ्रिकेचा तीन टक्क्यांच्या आसपास. नोव्हेंबर 2024 मध्ये बाकू येथील हवामान परिषदेत 2035 पर्यंत वर्षाला 300 अब्ज डॉलरचे नवे उद्दिष्ट ठरले, तेव्हा भारताच्या प्रतिनिधीने ते दृष्टिभ्रमासारखे असल्याचे सभागृहातच सुनावले. विकसनशील देशांना वर्षाला लाख कोटी डॉलरच्या घरातला पैसा हवा असताना ही रक्कम तुटपुंजी आहे, हे खरेच. तरीही भारत आज झांबिया किंवा ग्रेनेडा यांच्या पंगतीत बसत नाही, असे माझे मत आहे. अनुदानाच्या रांगेत त्यांना पुढे जाऊ द्यावे आणि आपण स्वस्त कर्ज व तंत्रज्ञानाचा आग्रह धरावा. देण्याचे काम भारताने वेगळ्या वाटेने सुरू केलेच आहे. आपत्तीत टिकणाऱ्या पायाभूत सुविधांसाठीची आंतरराष्ट्रीय आघाडी त्याने 2019 मध्ये स्थापन केली, तिचे कार्यालय दिल्लीत आहे आणि लहान बेटांवरील बंदरे, विजेच्या तारा, दवाखाने मजबूत करण्याचा तिचा वेगळा कार्यक्रम चालतो. करारातले बंधन स्वीकारून श्रीमंतांची जबाबदारी सैल करण्यापेक्षा भारताने हाच कार्यक्रम वाढवावा.