ताकीद द्यावी की बंदी घालावी?

प्रश्न : एका छंदाला वाहिलेल्या ऑनलाइन समूहाची व्यवस्था आम्ही तिघे पाहतो. तेथील एक जुने, जाणकार सदस्य नवख्यांच्या प्रश्नांची वारंवार टिंगल करतात. तीन वेळा ताकीद देऊनही फरक पडलेला नाही. मात्र जाहिरातींचा मारा करणाऱ्या एका खात्यावर आम्ही पहिल्याच दिवशी बंदी घातली, त्यामुळे आता पक्षपाताचा आरोप होतो आहे. आमचे काय चुकले?

उत्तर : जाहिरातींच्या बाबतीत काहीही चुकलेले नाही. अशा खात्यामागे बहुधा ताकीद वाचणारे कोणी नसतेच. धमकी देणे किंवा कुणाचा खासगी पत्ता उघड करणे, अशा प्रसंगीही ताकिदीत वेळ घालवणे म्हणजे ज्याला त्रास होतो आहे त्यालाच वाऱ्यावर सोडणे होय. ताकीद असते ती नियम ठाऊक नसलेल्या किंवा रागाच्या भरात तोल गेलेल्या माणसासाठी.

तुमच्या जुन्या सदस्यांना दिलेल्या ताकिदींत नेमके काय लिहिले होते, हा खरा प्रश्न आहे. ‘कृपया भाषा सांभाळावी’ एवढेच असेल, तर ती नुसती विनंती झाली. त्याऐवजी ‘काल आपण एका नव्या सदस्याला “आधी शाळेत जा” असे सुनावले, तो मजकूर आम्ही काढला आहे, पुन्हा असे घडल्यास सात दिवस आपल्याला येथे लिहिता येणार नाही’ असे खासगीत कळवले, तर कोणती गोष्ट खटकली आणि पुढे काय होणार, याविषयी शंका उरत नाही. आणि जे बजावले ते केलेच पाहिजे, कारण पोकळ ठरलेली ताकीद इतर सदस्यही पाहत असतात. टिंगल सोसलेले नवखे तर तक्रार न करताच निघून जातात.

विकिपीडियावर ताकिदींच्या चढत्या पायऱ्या आहेत : पहिलीत सद्हेतू गृहीत धरला जातो, चौथी अखेरची असते, आणि त्यानंतरची बंदीही शिक्षा म्हणून नव्हे, तर पुढचे नुकसान टाळण्यासाठी घातली जाते. सामाईक कुरणे, जंगले व पाणी यांचा कारभार लोक स्वतः कसा चालवतात, याचा अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम (अर्थशास्त्राचे नोबेल, २००९) यांनाही दीर्घकाळ टिकलेल्या व्यवस्थांत दंड असाच पायरीपायरीने वाढत गेलेला आढळला.

माझ्या मते, या सदस्यांना वरीलप्रमाणे एक स्पष्ट, लेखी ताकीद द्यावी आणि ती अखेरची असल्याचे त्यांना कळू द्यावे. त्यानंतरही टिंगल झाली, तर सात दिवसांची बंदी आणि मग कायमची. त्यांच्या ज्ञानाचा आदर जरूर ठेवावा, पण त्यापोटी नियमात सूट देऊ नये. कायमच्या बंदीविरुद्ध दाद मागण्याची सोय हवी, आणि ती तुमच्यापैकी ज्याने बंदी घातली नाही त्याने ऐकावी. प्रत्येक ताकिदीची तारीख व मजकूर एका सामाईक नोंदवहीत ठेवा, म्हणजे तिघांकडून एकाच माणसाला तीनदा ‘पहिली’ ताकीद जाणार नाही.