कारच्या सनरूफची मोटर गेली आहे. ती काढून हाताने फिरवायचं हँडल बसवता येईल का?

येतं. मी बसवलंय आणि त्याच्यावर चार पावसाळे काढलेत. पण तुम्ही लिहिलंय ते वाचून वाटतंय की तुम्हाला त्याची गरज पडेलच असं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमची गाडी २००९ ची सेकंडहँड सेडान. काच दोन बोटं उघडी राहून अडकलीय, बटण दाबलं की वरून नुसतं ‘टक्’ असा आवाज येतो, आणि मोटरचे अडतीस हजार सांगितलेत. पावसाळा तोंडावर आलाय. बरोबर?

‘टक्’ आवाज येतोय म्हणजे निदान रिलेपर्यंत, म्हणजे मोटरला करंट जोडणाऱ्या स्विचपर्यंत, करंट पोचतोय. पुढे मोटर मेली आहे की मोटर जिवंत आहे आणि काचच जाम झालीय, हे अजून कुणी बघितलेलं दिसत नाही. ते बघायला पाच मिनिटं लागतात. आरशाच्या वर जो छतातला दिवा असतो, त्याचं झाकण क्लिपांवर असतं, ते अलगद काढा. आत मोटर दिसेल आणि तिच्यात षटकोनी खाच. बहुतेक गाड्यांत ४ किंवा ५ मिलिमीटरची ॲलन की तिथे बसते. पुष्कळदा कंपनीने ती चावी झाकणाच्या मागेच किंवा टूलकिटमध्ये अडकवून दिलेली असते आणि मालकाला पंधरा वर्षं पत्ता नसतो. ती लावून हळूहळू फिरवा.

बेताच्या जोरात फिरली आणि काच सरकली, तर काच ज्यांच्यावरून सरकते त्या रेल ठीक आहेत, दोष मोटरचा किंवा वायरिंगचा. फिरतच नसेल किंवा दात-ओठ खाऊन फिरवावी लागत असेल, तर तिथेच थांबा. मग मोटर काढून हँडल लावलं तरी ते हँडलही तसंच जाम होणार. उलट जास्त नुकसान होईल, कारण मोटरवर लोड वाढला की करंट तोडणारी सोय असते, आपल्या मनगटाला ती नसते. लांब हँडलने जोर लावला की काच सरकवणारी आतली तार वाकते, आणि मग सगळी फ्रेमच खाली उतरवावी लागते.

जाम होण्याचं कारण नव्वद टक्के वेळा साधं असतं (ही टक्केवारी माझ्या अंगणात आलेल्या गाड्यांपुरती, कुठल्या सर्व्हेची नव्हे). रेलमधलं मूळ ग्रीस धूळ खाऊन मेणासारखं घट्ट झालेलं असतं. कापडाने आणि जुन्या टूथब्रशने ते खरवडून काढा आणि कंपनीने सांगितलेलं किंवा सिलिकॉनचं ग्रीस बोटाने पातळ लावा. इंजिन ऑइल नको, ते उन्हात पातळ होऊन कपाळावर ठिबकतं. गंज सोडवायचा स्प्रेही नको, तो उरलंसुरलं ग्रीस धुऊन टाकतो आणि आठवड्याने पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. सनरूफमध्ये मोटर नेमकं काय काम करते हे कळलं की बाकीचं आपोआप सुचतं.

मोटरच्या तोंडाशी एक छोटं दातेरी चाक असतं, पिनियन. त्याच्या दोन्ही अंगांना दोन तारा चिकटून जातात. या साध्या तारा नव्हेत, त्यांच्यावर स्प्रिंगसारखा पीळ गुंडाळलेला असतो आणि पिनियनचे दात त्या पिळात अडकतात. चाक फिरलं की एक तार पुढे जाते, दुसरी मागे. पण त्या तारा नळीतून वळसे घेऊन दोन बाजूंच्या रेलमध्ये अशा पोचलेल्या असतात की काचेच्या दोन्ही कडा एकाच दिशेला, एकाच मापाने सरकतात. तार ओढतेही आणि ढकलतेही. इतकं सोपं आहे ते. म्हणूनच हातानेही चालतं. १९६४ च्या मॉडेलपासून फोक्सवॅगन बीटलला पत्र्याचं सरकतं छत यायचं, त्याला दुमडून बसणारं हँडलच होतं. बीएमडब्ल्यूच्या ई३० मालिकेत तर हँडलचं आणि मोटरचं, दोन्ही प्रकारचं सनरूफ मिळायचं, त्यामुळे परदेशात हौशी लोक मोटर काढून कंपनीचंच हँडल टाकतात. तुमच्या गाडीला तसं कंपनीचं हँडल निघालेलं असेल तर हा सगळा लेख सोडून द्या आणि ते शोधा. पिनियनचे दात आणि स्क्रूच्या भोकांमधलं अंतर जुळलं पाहिजे, बस्स.

माझ्या गाडीला नव्हतं. माझीही २००८ ची, एका युरोपीय कंपनीची. पुढच्या कोपऱ्यातली पाणी जायची नळी तुंबली, पाणी मोटरवर ठिबकत राहिलं आणि मोटर आतून गंजून दगड झाली. तीच मोटर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दोन खेपा घालूनही मिळाली नाही. मग कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या ओळखीचे एक लेथवाले मामा आहेत, त्यांच्याकडे गेलो. ज्या गावात ऊस गाळायच्या घाण्यापासून पंपाच्या शाफ्टपर्यंत सगळं लेथवर होतं, तिथे एक हँडल काय मोठं? मेलेल्या मोटरचं पिनियन, त्याच्यासाठी एक बुश, एक शाफ्ट आणि खाली दुमडणारं हँडल, असं चित्र कागदावर काढून नेलं होतं.

मामांनी चित्र बघितलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “फिरवशील रं, पण धरनार कोन?”

मला वाटलं मामांना चित्र कळलं नाही. म्हटलं, तुम्ही करा तर. त्यांनी केलं. बसवलं, झकास फिरलं. तेरा फेऱ्यांत काच पूर्ण उघडायची. आठ दिवस येईल त्याला दाखवलं.

मग जुलैत वैभववाडीहून परत येताना करूळ घाट चढत होतो. शेजारी आई. चढावर गाडीचं नाक वर, पाऊस कोसळतोय, आणि काच कुणी हात न लावता मागे सरकायला लागली. आधी एक बोट, मग चार बोटं. हँडल माझ्या डोळ्यांदेखत भुतासारखं उलटं फिरत होतं. आईने एका हाताने हँडल धरलं, दुसऱ्याने पदर डोक्यावर घेतला आणि गगनबावड्यापर्यंत ती तशीच बसून राहिली. बोलली काही नाही. तेच जास्त लागलं.

मामा विचारत होते ते हे. मोटरच्या आत वर्म गियर असतो, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला दांडा (वर्म) आणि त्यात अडकलेलं दातेरी चाक. मोटर वर्मला फिरवते, वर्म चाकाला फिरवतो, पण चाकाकडून जोर आला तर वर्म फिरत नाही, कुलूप लागल्यासारखा अडून बसतो. म्हणजे मोटर काच ढकलते ती दहा-बारा सेकंद. उरलेला सगळा वेळ, चढावर, खड्ड्यांत, ब्रेक मारल्यावर, ती काच नुसती धरून ठेवत असते. आणि वाऱ्याची ओढ वेगळीच. गाडी वेगात असताना छतावरच्या हवेचा दाब कमी होतो आणि काच वर ओढली जाते. ताशी शंभरच्या वेगाला, सनरूफच्या काचेएवढ्या क्षेत्रफळाचा हिशेब मांडला तर ही ओढ दहा-पंधरा किलोच्या घरात जाते. मोटर काढली की हे धरण्याचं काम कुणाला तरी द्यावंच लागतं. कंपनीच्या हँडलांत त्यासाठी आत ब्रेक असतो, बाहेरून दिसत नाही एवढंच.

कुणी म्हणेल, मग वर्म तसाच ठेवा आणि मोटरच्या टोकाकडून हाताने फिरवा. मीही तो विचार केला होता. माझ्या मोटरमध्ये वर्मचे साठ फेरे म्हणजे पिनियनचा एक. तेरा गुणिले साठ, सातशे ऐंशी फेरे. तोवर पाऊस थांबून ऊन पडेल.

आणि जी आणीबाणीची षटकोनी खाच वर सांगितली, तीच रोज वापरली तर? काही मोटरांत ती खाच पिनियनच्या बाजूला असते आणि फिरवताना आतला क्लच, म्हणजे जास्त जोर आला की घसरणारी जोडणी, घसरवून फिरवावी लागते. काच धरून ठेवण्याची भिस्त त्याच क्लचवर असते. रोज घसरवलात तर तो झिजतो आणि तुमचा करूळ घाट होतो. महिन्यातून एकदा फिरवायला हरकत नाही.

दुसऱ्या खेपेला मामांकडे मुकाट गेलो. त्यांनी शाफ्टवर ब्रेक लायनरच्या तुकड्यातून कापलेल्या दोन वॉशर घातल्या, वर बशीच्या आकाराची कडक स्प्रिंग आणि ती आवळायला नट. आता हँडल फिरवायला थोडा जोर लागतो, पण सोडलं तिथे थांबतं. शिवाय हँडल ज्या वाटीत दुमडतं, तिला समोरासमोर दोन खाचा पाडल्या. हँडल खाचेत बसलं की फिरूच शकत नाही. वाटीमुळे दुसरा एक प्रश्नही सुटला. बरोबर कपाळाच्या समोर लोखंडाचा दांडा लोंबकळत असेल तर अपघातात तो पहिला कुणाला लागेल, सांगायला नको.

बसवताना एक गंमत झाली, ती तुमचीही होईल. पुढून सरकणारी आणि मागून उचलणारी, अशी दोन्ही सोय असलेल्या सनरूफमध्ये ‘बंद’ हे टोक नसतं, मधलं स्टेशन असतं. एका दिशेला फिरवलं की काच मागे सरकते, दुसऱ्या दिशेला फिरवलं की मागची कड वर उचलते, आणि दोन्हींच्या मधे कुठेतरी ती छताशी सपाट येते. मोटरला ती जागा आतल्या स्विचमुळे किंवा सेन्सरमुळे ठाऊक असते. हँडलला कुठून ठाऊक असणार? माझी काच सपाट आली तेव्हा हँडल खाचेपासून बरोबर पाव फेरा लांब. पिनियनला बारा दात, पाव फेरा म्हणजे तीन दात. पुन्हा सगळं खाली उतरवलं, पिनियन तीन दात फिरवून तारांत बसवलं, तेव्हा कुठे खाच जुळली. वाटीवर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलाय, तो बंदचा.

मोटर खाली काढण्याआधी काच पूर्ण बंद करून घ्या आणि पिनियन बाहेर असताना काचेला हात लावू नका. त्या वेळी दोन्ही तारा मोकळ्या असतात, एक बाजू एका दाताने जरी पुढे गेली तरी काच तिरकी बसते, मग रबर शिट्टी वाजवतं आणि पाणी आत येतं. छताचं अस्तर ओढायचं असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबा. बाजूच्या कडांत पडद्याच्या (अपघातात खिडक्यांवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या) एअरबॅग असतील तर अस्तराला स्वतः हात लावूच नका. पॅनोरॅमिक, म्हणजे जवळजवळ छतभर काच असलेलं, सनरूफ असेल तर हा विषयच डोक्यातून काढा.

आता तुम्हाला काय करायचं ते सांगतो. आधी फ्यूज बघा. बॅटरी मध्यंतरी काढली-बदलली असेल तर सनरूफ आपली जागा विसरतं, पुष्कळ गाड्यांत बंद करायचं बटण वीस-तीस सेकंद दाबून धरलं की परत शिकतं. नेमकी पद्धत गाडीच्या पुस्तकात असते. त्याने नाही झालं तर चावीने काच बंद करा, मोटरचं कनेक्टर काढून ठेवा आणि हा पावसाळा तसाच जाऊ द्या. मोटर जागेवर असली की वर्म किंवा क्लच काच धरून ठेवेल, मेलेली असली तरी. तोवर मोटरवरचा पार्ट नंबर लिहून घ्या आणि जुन्या मालात शोधत राहा. नंबर तंतोतंत जुळला तरच घ्या. ती मिळाली नाही आणि सनरूफ उघडायचंच असेल, तरच लेथवाल्याकडे जा. जाताना मेलेली मोटर बरोबर न्या, नुसतं चित्र नेऊ नका. मला दोन्ही खेपा मिळून अठराशे रुपये लागले.

आणि मोटर मेली कशाने, ते बघायचं राहू देऊ नका. काच उघडता आली की चारही कोपऱ्यांतल्या पन्हळीत अर्धा-अर्धा कप पाणी ओता. पुढचं पाणी साधारण पुढच्या चाकाजवळ किंवा दाराच्या बिजागरीपाशी खाली पडलं पाहिजे, मागचं मागच्या चाकाजवळ किंवा बंपरखाली. नाही पडलं तर गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी हळूहळू आत सरकवा. गाडीच्या क्लचची वायर घालू नका, तिचं टोक नळी फाडतं. टायरवाल्याकडची हवा तर मुळीच मारू नका, नळी आतल्या आत निसटते आणि मग सगळं पाणी पायाखालच्या कार्पेटमध्ये. हे मी माझ्या मागच्या डाव्या कोपऱ्यावर करून बघितलंय, कार्पेट वाळायला दिवाळी उजाडली होती.