नदीचा पालक कोण?

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या याचिकेचा मसुदा दोनदा वाचला. आपल्या नदीला कायद्याने व्यक्ती मानावे, ही मागणी मला मनापासून पटते. तरीही दाखल करण्याची घाई करू नकोस, कारण नदीच्या वतीने बोलणार कोण, हा प्रश्न तू 'शासनाने पालक नेमावा' एवढ्या एका ओळीत उरकला आहेस.

20 मार्च 2017 रोजी उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा व यमुना यांना जिवंत व्यक्तीचा दर्जा दिला आणि 'नमामि गंगे'चे संचालक, राज्याचे मुख्य सचिव व महाधिवक्ता यांना पालक नेमले. राज्य सरकारच त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. नद्या अनेक राज्यांतून वाहतात, मग एकाच राज्याचे अधिकारी पालक कसे, आणि पुरात माणसे दगावली तर भरपाईचा दावा मुख्य सचिवांवर लावायचा का, हे त्याचे आक्षेप होते. जुलैमध्ये आदेशाला स्थगिती मिळाली. मला ते आक्षेप आडमुठे वाटत नाहीत. नदीला ज्या शासनाविरुद्ध दाद मागावी लागणार, त्याचेच अधिकारी तिचे पालक झाले, तर तिने जायचे कोणाकडे?

त्याच वर्षी मार्चमध्ये न्यूझीलंडमध्ये वांगानुई नदीचा कायदा झाला. डोंगरापासून समुद्रापर्यंतची अख्खी नदी, उपनद्यांसह, तिथे एक व्यक्ती ठरली. तिच्या वतीने दोघे बोलतात, एक शासनाने सुचवलेला आणि एक नदीकाठच्या माओरी जमातींनी. 'मी म्हणजे नदी, नदी म्हणजे मी' असे म्हणणारी ही माणसे त्या नदीसाठी एकोणिसाव्या शतकापासून भांडत होती. कायद्याने हे नाते निर्माण केले नाही, फक्त मान्य केले.

असे नाते आपल्याकडे नाही, असे समजू नकोस. आपली न्यायालये देवाच्या मूर्तीला व्यक्ती मानतात, आणि तिच्या वतीने तिची सेवा-व्यवस्था पाहणारा कोणीतरी बोलतो. कोकणातल्या एका देवराईत मी गुरवाबरोबर गेलो होतो. वाटेत ऐनाची जाड फांदी मोडून आडवी पडली होती आणि तिच्यावर अळंबी उगवली होती. त्याने ती हलवली नाही. काटेरी जाळीतून वळसा घालून आम्हाला पुढे नेले आणि म्हणाला, ''देवाचं लाकूड आहे.''

म्हणून सुट्टी लागली की आधी नदीकाठी जा. भोयांबरोबर होडीत बस, कोणती मासळी कोणत्या डोहात मिळत असे आणि कधीपासून मिळेनाशी झाली, ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घे, आणि त्यांच्यापैकी कोण न्यायालयात उभे राहायला तयार आहे, तेही विचार. ती वही घेऊन ये. पालकाचा परिच्छेद तिच्यावरून लिहू.

तुझा,
काका